चार बोटं शर्ट

कॅरी, ६ नोव्हेंबर २०२४

ती. सुमित्राअक्कास,
धाकट्या जगन्नाथचा शि. सा. न.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पार्सिपनीला कागदच धाडतो. अक्का, अमेरिकेत येऊन मी हादरलोय! आपला सिद्धेश ऑफिसला काय घालून जातो ते बघशील तर कपाळाला हात लावशील. आत टी-शर्ट, त्यावर शर्ट, त्यावर आखूड स्वेटर, त्यावर उघडा कोट. आणि स्वेटरखालून शर्ट चार बोटं लोंबतोय. कराडात चाळीस वर्षं शिलाई केली, पण असं गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडू दिलं नाही.

सतरा तारखेच्या रविवारी यामिनीचे आईवडील शॉमबर्गहून लग्नाचं बोलायला येतायत. त्यांच्यापुढे पोराची शोभा नको. म्हणून आज तो कामावर गेल्यावर त्याचे तीन शर्ट स्वेटरच्या मापाला कापले आणि हाताने बारीक तुरपाई घातली. संध्याकाळी खूश होईल बघ.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
जगन्नाथ


कॅरी, ७ नोव्हेंबर

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी माझे तीन शर्ट कापले! मला खरंच शॉक बसला. अगं, याला लेयरिंग म्हणतात. पातळ कपडा आत, जाड बाहेर, आणि प्रत्येकाची कड थोडी दिसायलाच हवी. रविवारसाठी यामिनीने निवडलेला निळा शर्टही त्यात गेला.

मी ओरडलो. इथे तुमची टेलरिंग नको, असं म्हणून गेलो. ते आज सकाळपासून जेवले नाहीत आणि रविवारच्या आधीचं परतीचं तिकीट काढ म्हणतायत. शर्ट गेले तर गेले. पण आई नाही, आता बाबाही गेले तर त्या दिवशी माझ्या बाजूने बसणार कोण? तूच समजाव.

तुझा,
सिद्धेश


पार्सिपनी, ११ नोव्हेंबर

चि. सिद्धेशला आत्याचे अनेक आशीर्वाद.

वाचून मीही हबकले. कात्री लावण्याआधी विचारायला काय झालं होतं याला!

पण एक ऐक. तू तिसरीत होतास. गावाचे कपडे शिवता शिवता जगूला तुझ्यासाठी वेळ झाला नाही आणि तू मागच्या वर्षीच्या आखूड झालेल्या स्वेटरमध्ये गॅदरिंगला उभा राहिलास. खालून शर्ट लोंबत होता. मागे कुणीतरी हसून म्हणालं, टेलरचं पोर बघा. तू आपला नाचत होतास, तुला कळलंही नाही. जगूने ऐकलं. घरी येऊन माझ्यापुढे ढसाढसा रडला. त्यानंतर तुझा शर्ट त्याने कधी स्वेटरखाली दिसू दिला नाही.

बाकी तू पाठवलेल्या फोटोत छान दिसतोस हो. आमच्या नातवाला, देवांगलाही शिकव, तो थंडीत हाफ पँटवर हिंडतो.

तुझी,
आत्या


कॅरी, १८ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न.

काल सिद्धेशने मी कापलेला निळा शर्ट घातला. वर स्वेटर, कोट. खालून काही म्हणून दिसेना. यामिनी बघतच राहिली. मग तो मला म्हणाला, आज तुम्हाला मी तयार करणार. माझा लांब पांढरा शर्ट, त्यावर त्याचा आखूड स्वेटर, त्यावर कोट. शर्ट चांगला चार बोटं खाली! मी गारच पडलो. म्हटलं, व्याह्यांपुढे असा जाऊ? तर म्हणाला, खुशाल जा, आणि कुणी विचारलं तर सांगा, टेलरच्या पोराने घालून दिलंय.

अक्का, तू त्याला सांगितलंस!

लग्न मे महिन्यात ठरलं. परत जायचं रद्द केलंय. पाहुण्यांपुढे दोन तास बसलो, हात सारखा शर्ट खोचायला जात होता. खोचला नाही.

तुझा,
जगू