सवतीला पाजलेलं औषध

२ मार्च १९७२, श्रीरामपूर
दवाखान्यात आयाबाईची नोकरी लागली! खोली मिळाली, नळ दाराशी, आणि सकाळी उठून सुनेचं फुगलेलं तोंड बघायला नको. साक्षरतेच्या वर्गात गिरवलेली अक्षरं आता कामाला येतील. इथं नवं यंत्र आलंय. रोग्याला किरणांचं औषध पाजायचं, दुसऱ्या दिवशी यंत्राचं डोकं गळ्यावरनं फिरवायचं. त्या डोक्यात मिठासारखा खडा हाय. औषध जिथं मुरलं, तिथल्या किरणांनी तो चमकतो, की टकटक करत कागदावर ठिपके पडतात. गळ्यातली गाठ उमटते. यंत्रवाले राधाकृष्ण लई ऐटीत सांगत हुते. मी म्हटलं, मग आमच्या सुनेची अक्कल शोधून द्या. तर म्हणाले, मावशी, यंत्र बारकं बघतं, पण इतकं बारकं न्हाई.

५ मार्च
नात चांगुणाला आणली. गळ्याला गाठ, घास उतरत न्हाई. ही तिच्या नवऱ्याची दुसरी बायको. पहिली, राही, विहिरीत गेली. म्हणून चांगुणाच्या गळ्यात सवतीचा टाक हाय, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली तिची मूर्ती. जेवायच्या आधी घास त्याला लावते. आज औषध घेताना मीच म्हटलं, पहिला थेंब तिला लाव. मेलेल्या सवतीला उपाशी ठेवून कोण सुखानं नांदलंय?

६ मार्च
कागदावर गाठ आली, भोवती काळे डागही. राधाकृष्ण माझ्यावर उखडले, औषध सांडलं म्हणाले. टाक काढ म्हटलं तर चांगुणा काढीना. डॉक्टर म्हणाले, यंत्राच्या डोक्याला बारीक भोकांची शिशाची चकती लावू, चित्र स्वच्छ येईल. पोरीला परत औषध पाजलं. परत पहिला थेंब टाकाला.

७ मार्च
चित्र स्वच्छ आलं.
डाग न्हाईत. बोटं हायत. दोन हातांची, गळ्याला आवळलेली. नखंसुद्धा दिसतात.
राधाकृष्णांनी कागद पालथा घातला.

८ मार्च
परत चित्र काढायला पोरीला टेबलावर निजवली तशी घरघरली. कातडीत बोटांएवढे खळगे पडले, डोळे बाहेर आले. राधाकृष्ण सोडवायला धावले — त्यांचं मनगट काडीसारखं मोडलं, हाड वर आलं. जवळ कुणीच नव्हतं. टाकाचा दोरा ओढला, तुटेना, मांसात रुतला. रक्त — यंत्र टकटक, टकटक —
कात्रीनं कापला. पोरीनं श्वास घेतला. टाक मी खिडकीतनं फेकला.

९ मार्च, सकाळ
परत तिच्या गळ्यात. दोरा अखंड.
डॉक्टरांनी दोनदा कापला. दोनदा —

दुपार
पोर निळी पडली. राहीला गळा पाहिजे, कुणाचा तरी.
परत कापला. माझ्या गळ्यात बांधला. चांगुणाला बाहेर ढकललं, कडी लावली. म्हटलं, ये ग राहे, म्हातारीचा गळा चिवट हाय, बघू तुझ्या हातात किती —
आली. बोटं गार.
बाहेर पोर दार बडवतीय, आजे, आजे म्हणून. आवाज खणखणीत हाय तिचा. आता घास उतरंल.
कडी काढायची न्हाई मी. काढायची न्हा