काळ्या गुळाचा वास

बेस्ट, नेदरलँड्स,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना,
वल्लरीचा वाकून नमस्कार.

पाकीट हातात पडल्यावर तुम्ही ते उलटंसुलटं करून बघाल, वरचं तिकीट वाचाल आणि आईला म्हणाल, "तुझं दिसतंय." ते आईचं नाही. नाव मुद्दाम मोठ्या अक्षरांत घातलंय. फोनवर तुम्ही "थांब, आईला देतो" एवढंच बोलता, पण स्वतःच्या नावाचं टपाल दुसऱ्याच्या टेबलावर ढकलणं तुम्हांला उभ्या नोकरीत जमलं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र.

इकडे सगळे मजेत. तुमच्या जावयाची, सारंगची, सायकल स्टेशनवरून चोरीला गेली, तिसऱ्या दिवशी तिथेच सापडली. चोराला आवडली नसावी. सानिकाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. परवा दूध सांडलेलं बघून मी विचारलं, "हे कोणी केलं?" तर म्हणाली, "इक निट," म्हणजे मी नाही. चेहरा मात्र अगदी आपल्या घराण्याचा होता.

तुमच्या तब्येतीचं विचारत नाही. का विचारत नाही, ते पुढे येईल.

आता बातमी. काल आइंडहोवनला एक स्पर्धा होती आणि मी परीक्षक होते. आईला फोनवर एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "पाककलेची का गं?" मी म्हटलं, तसंच काहीसं. तुमच्यापुढे असली पळवाट चालणार नाही. स्पर्धा बीअरची होती. घरी बीअर करणाऱ्या हौशी लोकांची. मी परीक्षा देऊन रीतसर परीक्षक झाले आहे.

पत्र खाली ठेवू नका. ठेवलंत तरी चष्मा काढू नका, परत उचलायला सोपं पडेल.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही पहिल्यांदा इथे आलात ते मला रोज आठवतं. दारात बूट काढायला वाकलात आणि वाकलेलेच राहिलात. मी आंबवायची बादली जिन्याखालच्या कपाटात ठेवली होती, झाकण घट्ट, वर दोन गोधड्या, शिवाय घरभर उदबत्ती. उदबत्तीला तुम्ही भीक घातली नाहीत. एका पायात बूट तसाच ठेवून सरळ त्या कपाटाशी गेलात आणि म्हणालात, "आताच आंबायला लागलंय." मग बॅग उचलून खोलीत गेलात. आणखी चार शब्द बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं. तुम्ही तिकीट बदललंत आणि लवकर परत गेलात. तेव्हापासून फोन आईकडे.

हे माफीचं पत्र नाही, बाबा. मी काही वावगं करते असं मला आजही वाटत नाही. पण तुम्हांला तसं का वाटतं तेही मला ठाऊक आहे. दारूबंदी खात्यातला माणूस म्हणून नुसतं नव्हे. डोंगराकडच्या त्या वाडीत भेसळीच्या दारूने माणसं आंधळी झाली, तेव्हा पंचनामा तुमच्या हातचा होता. घरी येऊन तुम्ही ताटावरून उठलात, ते मी पाहिलंय. तुमचा राग फुकटचा नाही. फक्त तो राग आणि मी, आम्हां दोघांनाही तुमच्याच घरात जागा हवी आहे.

तर काल. शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. आमच्या टेबलावर बेल्जियन पद्धतीच्या कडक, काळपट बीअर होत्या, ओकच्या लाकडी पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेल्या. ही बीअर पाण्यासारखी ढोसायची नसते. लोणचं मुरतं तशी ती मुरते. आधी दारूचा तिखटपणा वेगळा, लाकूड वेगळं, फळं वेगळी, आणि जमली तर पुढे सगळं एकजीव होतं. ते जमलंय का, एवढंच आम्ही ठरवायचं.

पद्धत तुम्हांला आवडेल. बाटलीवर नाव नाही, नुसता नंबर. प्रत्येकाने मुकाट्याने वास घ्यायचा, रंग बघायचा, घोट घ्यायचा आणि आपला कागद लिहायचा. एकमेकांच्या तोंडाकडेही बघायचं नाही. लिहून झाल्यावर बोलायचं, आणि सगळ्यांत नवख्याने आधी, म्हणजे थोरामोठ्यांच्या मताची त्याच्यावर छाप पडत नाही. टेबलावर आम्ही तिघं. लुक नावाचे बेल्जियमचे गृहस्थ, सत्तरीचे, ज्यांचा जन्म याच वासांत गेला. मार्लीस, इथलीच, हुशार पण लुक यांच्यापुढे मान जरा जास्त हलवणारी. आणि नवखी मी.

मधलीच एक बाटली आली. ग्लास नाकाशी नेला. मनुका, सुकं अंजीर, ओलं लाकूड, पिंपात पूर्वी रम असावी तिची ऊब. आणि या सगळ्याच्या खालून जे वर आलं त्याने मला साताऱ्याच्या क्वार्टरमधल्या मोरीत नेऊन उभं केलं. तुमच्या खाकी पँटचा वास, बाबा. छाप्यावरून आलात की आई ती भिजत घालून मोरीचं दार ओढून घ्यायची, तो. काळा गूळ, आंबलेला.

लहानपणी मला डोळे मिटायला लावून तुम्ही माझ्या नाकाखाली बरण्या धरायचात. हिंग, ओवा, सुंठ, लवंग. मोठी झाल्यावर दोन वाट्यांत गुळाचं पाणी धरलंत. "हा आंबलाय आणि हा कुजलाय. आंबलेल्याच्या मागून गोडी येते. कुजलेल्याच्या मागून काही येत नाही." आई आतून ओरडली होती, पोरीला काय हे शिकवताय, लग्न व्हायचंय तिचं. तुम्ही म्हणालात, "नाक आहे तिला. वाया कशाला घालवू?"

मी माझा कागद लिहिला, भरपूर मार्क दिले आणि आधी बोलले. सांगितलं की यात आपल्याकडचा कच्चा, काळा गूळ आहे आणि तो सुरेख जमलाय. लुक यांनी चष्मा वर केला. म्हणाले, "मला यात धूर येतो, खारटपणा येतो. हे पिंप नीट धुतलेलं नाही." मार्लीसने मान हलवली. त्यांचे मार्क माझ्या निम्म्याच्या आसपास.

इतका फरक ठेवून पुढे जाता येत नाही. बोलून जवळ यावं लागतं. सोपा मार्ग उघडा होता, मी माझे मार्क उतरवायचे. कुणाला कळलंही नसतं. फक्त ज्याने कुणी वर्षभर त्या पिंपाची राखण केली, त्याला घरी एक कागद गेला असता की बाबा रे, भांडी घासत जा.

पण तुमचंच एक वाक्य आडवं आलं. "ओळखीचा वास आला की आधी स्वतःवर संशय घ्यायचा." मामांच्या गावच्या छाप्याला जाताना तुम्ही म्हणाला होतात. मनात आलं, घरचा वास आला म्हणून मी पाघळले तर नाही? करणारा कुणी कोल्हापूरचाच निघायचा, आणि मी इथे बसून माहेर कुरवाळत्येय. म्हणून ग्लास परत घेतला आणि खोट शोधायलाच बसले. सापडली. लाकूड जास्त झालं होतं, घोट उतरल्यावर जिभेवर साल चघळल्यासारखा तुरटपणा राहत होता. त्याचे मार्क कापले. मग पुन्हा वास घेतला. गोडी मागून येत होती.

मी म्हटलं, "मी लाकडाचे मार्क कापलेत, गुळाचे कापणार नाही. राखीव बाटली उघडा. ग्लास हातात धरून उबेला येऊ द्या. पिंप घाण असेल तर घाण वर येईल. गूळ असेल तर गोडी येईल." आवाज जरा चढला असावा, शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. ग्लास मीही दोन्ही हातांनी धरला.

लुक यांनी बाटली मागवली. ग्लास ओंजळीत धरून बसले. वास घ्यायचे, थांबायचे, परत घ्यायचे. मार्लीस त्यांच्या तोंडाकडे बघत होती, मी माझ्या ग्लासकडे. शेवटी म्हणाले, "हे मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही त्याला मी घाण म्हणून मोकळा झालो." त्यांनी आपल्या कागदावरची ती ओळ खोडली, नवे मार्क लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मार्लीसने नंतर मान हलवली ती माझ्याकडे बघून.

ती बीअर आमच्या टेबलावर पहिली आली.

बक्षिसाच्या वेळी नाव पुकारलं तेव्हा मी कोल्हापूरकराची वाट बघत होते. उठल्या त्या कापेल आन डेन आयसेल या गावच्या तिनेके नावाच्या बाई, निवृत्त शिक्षिका, गुडघ्याला पट्टा बांधलेला. घराजवळ सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी लोकांचं दुकान आहे, तिथे गुळाची काळी ढेप मिळते, ती वास आवडला म्हणून त्यांनी बीअरमध्ये घातली होती. म्हणजे मी माहेर कुरवाळलं नव्हतं. तिथे उभ्या उभ्या मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना मिठीच मारली. त्यांना कारण कळलं नसावं.

लुक यांनी जाताना विचारलं, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "साताऱ्यात. वडिलांकडे."

"ते बीअर करायचे?"

"नाही. पिंपं फोडायचे."

ते हसले, मग मी सगळं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. तुमचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, आणि तुमच्या नावाने ग्लास उचलला. मी अडवलं नाही. तुम्हांला राग येईल, येऊ दे. रवींद्र हे नाव त्यांच्या तोंडून वेडंवाकडं येत होतं आणि माझी मान ताठ होत होती. बेस्टला परतताना गाडीत सारंग म्हणाला, आता जरा खाली बघ, छताला डोकं लागेल.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते. आईने मला सांगितलंय, बाबा. तिच्यावर चिडू नका, तिला कुणाला तरी सांगायचं होतं. गेल्या पावसाळ्यातल्या तापापासून तुम्हांला वास येत नाही. दूध उतू जाऊन करपलं, पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला आणि तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतात. तिने विचारल्यावर "लक्ष नव्हतं" म्हणालात. आणि अजूनही चहा पिण्याआधी कप नाकाशी नेता, हे तिने सांगितलं तेव्हा मी फोन ठेवून कपाटाशी जाऊन बसले. त्याच, जिन्याखालच्या.

मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण तुमचं नाक गेलं असं मी म्हणणार नाही. काल ते आइंडहोवनला माझ्या तोंडावर बसलं होतं. एका जाणत्या माणसाच्या विरुद्ध गेलं आणि खरं ठरलं. हे तुम्हांला कळल्याशिवाय राहू नये म्हणून लिहिलं. तुम्ही माझ्याशी बोला किंवा नका बोलू.

तेही खोटंच. बोला.

इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. ओळखीचे चार वास रोज मन लावून घ्यायचे म्हणाल्या. येईलच अशी हमी त्या देत नाहीत, पण कधीकधी परत येतो म्हणतात. म्हणजे आपल्या बरण्याच की. आईला सांगून त्याच काढा. डोळे या वेळी तुम्ही मिटा. सानिकाशी मी हा खेळ सुरू केलाय. हिंगाला ती "स्टिंक्ट!" म्हणून पळते, पण लवंग बरोबर ओळखते. मी रविवारी फोन करते तेव्हा पहिली रिंग तुमच्या खुर्चीजवळ वाजते, हे मला माहीत आहे.

तुमचं नाक सांभाळून ठेवलेली,
वल्लरी


सातारा,
११ डिसेंबर २०२४

चि. वल्लरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. दारूबद्दल माझे मत आहे तेच आहे. ते बदलेल म्हणून वाट पाहू नकोस.

त्या गृहस्थांनी माझ्या नावाने ग्लास उचलला हे मला आवडलेले नाही. तुझ्या आईने तेवढा भाग शेजारी जाऊन वाचून दाखवला, तेही आवडलेले नाही. मी तिला अडवले नाही.

ओळखीच्या वासावर आधी संशय घेतलास, खोट सापडली तिचे मार्क कापलेस आणि मग जागची हलली नाहीस. माझ्या हाताखाली पुष्कळ माणसे येऊन गेली. हे त्यांतल्या फार थोड्यांना जमले. पत्र पुन्हा वाचले ते या भागासाठी.

बरण्यांविषयी. आईच्या समक्ष डोळे मिटून चार घेतल्या. हिंग: नाही. ओवा: नाही. सुंठ: नाही. चौथीत लवंग असल्याचा संशय आला. खात्री देता येत नाही. आई म्हणते, बरोबर आहे. ती माझी समजूत काढत असण्याची शक्यता आहे, म्हणून तपासणी सानिकाने करावी.

रविवारी फोन मी उचलेन.

बाबा