सासरेबुवांचा समोवार पेशकश झाल्याची हकीकत

काशान, सोमवार दुपार

थोर मनाचे साडूभाऊ फिरेदून आगा यांस,

धाकट्या साडूचा, म्हणजे कुदरतुल्लाचा, सलाम. तुमची सावली आमच्या डोक्यावरून कधी आखूड होऊ नये. तुमचा गुडघा कसा आहे? (मागल्या खेपेला तुम्ही म्हणालात की जिना चढताना गुडघा कुरकुरतो. मी मागूनच चढत होतो. कुरकुरत होता तो जिना. पण चौकशी करणं माझं कर्तव्य आहे.) आमच्या थोरल्या मेहुणीबाई इशरतखानमची रक्तातली साखर खाली आली का? आम्ही पाठवलेलं गुलाबपाणी पोचलं का, आणि पोचलं असल्यास बाटल्या भरलेल्या होत्या का? त्या आठवड्यात बसड्रायव्हर कासेमच्या अंगाला फार सुवास येत होता, म्हणून विचारतो. इकडे आम्ही सुखरूप आहोत. माझी बेहजत मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर मशहदला इमामांच्या दर्ग्यावर झियारतीला गेली आहे, गुरुवारी परत येईल. हा गुरुवार ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. नौरोजला तुम्ही केलेला पाहुणचार अजून जिभेवर आहे. चहा तेवढा विजेच्या किटलीतला होता. सासरेबुवांसारख्या समोवारवाल्या घरातली लेक आणि चहा किटलीतला, हे मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं. पण पाहुण्याने बोलू नये म्हणून मुकाट्याने पेल्यावर पेले प्यालो.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तुमचा फोन इशरतखानम उचलतात आणि तो मोठ्याने बोलता ठेवून स्वयंपाक करतात. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट मशहदला बहिणीकडे पोचायला कढईतला कांदा लाल व्हायचाही अवकाश लागत नाही. म्हणून हे पत्र कासेमच्या हाती देतो आहे. पाकिटाला पिठाची खळ दुहेरी लावणार आहे. ते सुरकुतलेलं मिळालं तर कासेमच्या तोंडाकडे नीट बघा. वाचलेला माणूस लगेच कळतो, तो दया आल्यासारखा हसतो.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला ठाऊकच आहे की तांबटआळीत भाता ओढणाऱ्या माणसाने चहाखाना काढला आणि चालवून दाखवला तो दोन गोष्टींच्या बळावर: एक माझे कान आणि दुसरा चहाचं पाणी उकळणारा सासरेबुवांचा पितळी समोवार. तांब्या-पितळेचं भांडं टिचकी मारून ऐकलं की ते कोणाच्या हातचं आहे हे मी डोळे मिटून सांगतो, हे सगळी आळी जाणते. आणि समोवार तर बेहजतच्या हुंड्यातला. सासरेबुवा लग्नात म्हणाले होते, "जावईबापू, पोरगी देतो, समोवारही देतो. दोन्ही तापतात, जपून हाताळा." तो मी चहाखान्याच्या कोनाड्यात मांडला आणि खास पाहुणा असल्याशिवाय पेटवला नाही. दर नौरोजच्या आधी बेहजत तो घरी नेते, घासूनपुसून लखलखीत करते आणि परत आणून ठेवते. त्या घासण्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. (चार वर्षांमागे असाच घासून आणला तेव्हापासून पाणी उकळतानाचं त्याचं गाणं जरा पातळ झालं. पूर्वी घशातून गायचा, आता नाकातून गातो. मी नळाच्या पाण्याला शिव्या घातल्या. हल्लीच्या पाण्यात काही दम नाही.)

या सुखात रेडिओ शिरला. इथल्या रेडिओवर गोलनारखानम म्हणून एक तरतरीत मुलगी आहे. आठवड्याला एक जाणकार धरून आणायचा, त्याला गावातल्या एखाद्या जुन्या जागी बसवायचं आणि शहराच्या इतिहासावर बोलतं करायचं, असा तिचा कार्यक्रम आहे. पहिल्यांदा तिने माझ्याकडे एक गृहस्थ आणले. त्यांनी भिंती ठोकल्या, जमीन हुंगली आणि जाहीर केलं की माझा चहाखाना म्हणजे जुन्या कारवान-सराईचा तबेला. झालं! तेव्हापासून शेजारचा जोडे शिवणारा यदुल्ला आत येताना खिंकाळतो आणि "कुदरत, घोडा कुठे बांधू?" असं विचारून मगच बसतो. गिऱ्हाईक मात्र वाढलं, म्हणून मी गप्प राहिलो. पण तेव्हापासून माझा जाणकारांवर डोळा आहे. जो माणूस जमीन हुंगून तीनशे वर्षांपूर्वीचा घोडा ओळखतो, त्याला समोरचा माणूस कंटाळला आहे हे का ओळखता येत नाही?

परवा शनिवारी आले डॉक्टर सोहेली. तुमच्याच इस्फहानला शिकवतात. विषय होता आपल्या लोकांच्या आदबशीर चालीरीती. माणूस दिसायला गरीब, आवाज मऊ, साखरेचा खडा दातांत धरून चहा प्याला तोही आवाज न करता. (आवाज न करता चहा पिणाऱ्यावर मी एरवीही विश्वास ठेवत नाही.) गाडी त्यांनी अगदी दाराशी लावली होती. मागचा कप्पा उघडा पडला तेव्हा मला दिसलं, आत काही नव्हतं; नुसतं एक घोंगडं, व्यवस्थित घडी केलेलं. व्याख्यान द्यायला आलेल्या माणसाला घोंगडं कशाला? मी मनात नोंद केली आणि समोवार पेटवला.

डॉक्टर बोलले सुरेख, हे खोटं कशाला सांगू? पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली की यजमानाने "पेशकश, तुमचीच झाली" म्हणायचं आणि पाहुण्याने "धन्याकडेच शोभते" म्हणून ती तोंडानेच परत करायची, या रिवाजावर ते पुष्कळ बोलले. त्यांचं वाक्य मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे: पेशकश घेण्यासाठी नसते, परत करण्यासाठी असते. असं म्हणून त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं. पाहिलं ते पाहातच राहिले. मग उठले, समोवारच्या पोटावरून हात फिरवला, तोटी बोटाने चाचपली आणि म्हणाले की हा तर काजार बादशहांच्या काळातला, बुरूजर्दच्या कारागिराचा हात, आणि बाजूचा हा पोचा म्हणजे कारवानातल्या उंटाची लाथ. आता तो पोचा कसला आहे हे तुम्हालाही माहीत आहे. लहानपणी बेहजतच्या हातून समोवार जिन्यावरून सुटला होता. सासरेबुवा ती गोष्ट दर ईदला सांगायचे. पण मायक्रोफोनपुढे पाहुण्याला खोटं कसं पाडायचं? आणि उंट चहाखान्याला शोभूनही दिसत होता. मी उंट ठेवून घेतला.

"वा!" डॉक्टर म्हणाले, "असं काम आता होत नाही."

साडूभाऊ, तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं? माझ्या तोंडातून, शिंकेसारखं, आपोआप निघालं, "तुमच्या नजरेला आवडला, तुमचाच झाला. पेशकश!"

"छे छे, धन्याकडेच शोभतो," डॉक्टर म्हणाले. इथे गोष्ट संपायला हवी होती. हजारदा संपली आहे. पण गोलनारखानमने मायक्रोफोन माझ्या दाढीत खुपसला आणि म्हणाली, "ऐका श्रोतेहो, हाच तो काशानचा दिलदारपणा!" आणि मागून यदुल्ला ओरडला, "एकदाच? कुदरत, जीभ महाग झाली काय रे?" अख्खा चहाखाना हसला. मी पुन्हा पेशकश म्हटलं, या वेळी छातीवर हात ठेवून. डॉक्टर म्हणाले, "मला लाजवताय तुम्ही." यदुल्ला म्हणाला, "आवाज बसला बिचाऱ्याचा. तबेल्यात गारवा फार!" तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आईच्या कबरीची शपथ घालून सांगितलं की आता समोवार नेला नाहीत तर मी हे घर माझं समजणार नाही.

डॉक्टरांनी मान खाली घातली, हळूच म्हणाले, "आता नाही म्हणणं म्हणजे तुमच्या आईचा अपमान होईल," आणि घोंगडं आणायला गेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. यजमानाने नाही वाजवायच्या तर कोणी?

दोन दिवस झोप नाही. कोनाड्यात मी फुलदाणी ठेवली आहे, पण तिच्याकडे बघून गिऱ्हाईकं दुखवट्याला आल्यासारखी हळू बोलतात. मी विचार करतो आहे की हा डॉक्टर भोळा की बिलंदर. भोळा म्हणावं तर रिवाज तोंडपाठ. बिलंदर म्हणावं तर जाताना रडला. (खरोखर रडला. मी जवळून पाहिलं, कांद्याचा वास नव्हता.) गोलनारखानमचा वाटा असेल का? यदुल्लाला कोणी फूस दिली? त्याने त्या दिवशी चहाचे पैसे न मागता दिले, हे मला मुळीच आवडलेलं नाही. आणि गुरुवारी बेहजत दारात उभी राहील, बुरखा खुंटीला लावण्याआधी कोनाड्याकडे बघेल, आणि तिथे तिच्या मेलेल्या बापाच्या जागी प्लास्टिकचे गुलाब असतील. हुंड्यातली वस्तू तिची, माझी नव्हे. ती आरडाओरडा करणारी असती तर मी एवढा घाबरलो नसतो. ती गप्प बसेल, साडूभाऊ. तिचं गप्प बसणं तुम्ही ऐकलेलं नाही.

बाकी सगळं ठीक. हवा कोरडी आहे. थोरामोठ्यांना सलाम, लहानांना पापे.

तुमचाच,
कुदरतुल्ला

ता. क. पत्र खुशालीसाठीच लिहिलं आहे, पण कासेमची बस सुटायला वेळ आहे म्हणून एक किरकोळ गोष्ट. डॉक्टर सोहेलींचं घर तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगं आहे. सहज म्हणून तुम्ही त्यांच्याकडे जावं, चहा घ्यावा, आणि समोवार दिसला की त्याची तारीफ करावी. तारीफ करण्यात इराणात तुमचा हात धरणारा कोणी नाही. माझी हिरव्या दगडाची जपमाळ तुम्ही कशी 'वा वा' म्हणत खिशात घातलीत, ते मी विसरलेलो नाही. (राग नाही. कला म्हणून सांगतो.) डॉक्टरांना पेशकश म्हणावंच लागेल, त्यांनी स्वतःच रेडिओवर सांगितलं आहे. तुम्ही एकदाच नाही म्हणा, तेही पुटपुटत. दुसऱ्यांदा नाही म्हणू नका, कारण तिथे यदुल्ला नसेल.

दुसरा ता. क. समोवार हाती आला की थेट कासेमच्या बसमध्ये चढवा. वाटेत घरी नेऊ नका. तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही, पण तुमच्या घरात गेलेली वस्तू तिथेच रमते असा अनुभव आहे.

तिसरा ता. क. पत्र तसंच ठेवा, डॉक्टरांकडे जाऊ नका. मी पाकिटाला खळ लावत होतो एवढ्यात मशहदहून बेहजतचा फोन आला. गोलनारखानमने उंटाच्या लाथेपासून शपथेपर्यंतचा तेवढाच तुकडा कापून सगळ्यांच्या मोबाईलवर सोडला आहे, आणि झियारतीच्या बसमधल्या बायकांनी तो पुन्हा पुन्हा वाजवला. मी फोन कानापासून लांब धरला. पलीकडून हसू आलं. मग ते हसू थांबलं, आणि मी भिंतीला टेकलो.

"आगा," ती म्हणाली, "तो उंटाच्या लाथेचा पोचा मी पाडलाय. बत्त्याने. अंगणात बसून, सगळी दुपार."

मग तिने सांगितलं. चार वर्षांमागे समोवार घासायला घरी आणलेला असताना इशरतखानम आमच्याकडे आल्या होत्या, समोवारवरून हात फिरवून म्हणाल्या, "बाबांची आठवण येते गं." बेहजतच्या तोंडून पेशकश निघून गेलं. इशरतखानमनी एकदाच नाही म्हटलं. मी दुकानात होतो. मला कळू नये म्हणून बेहजतने कुमच्या बाजारातून त्याच घाटाचा नवा समोवार आणला, मीठपाण्यात आणि धुरात काळवंडवला, पोचा पाडला आणि कोनाड्यात ठेवला. चार वर्षं मी तो रोज पुसला, गिऱ्हाईकांना टिचकी मारून ऐकवला, आणि म्हणालो, "ऐका, जुन्या पितळेचा आवाज!" ती म्हणाली, "तुम्ही टिचकी मारलीत की माझा जीव गोळा व्हायचा. म्हटलं, आता कळेल यांना, आता कळेल." मग म्हणाली, "तुम्ही नळाच्या पाण्याला शिव्या द्यायचात, आणि मला बाबांचं गाणं ऐकू यावंसं वाटायचं."

तेव्हा साडूभाऊ, नौरोजला चहा किटलीतला का होता, हे आता माझ्या ध्यानात आलं आहे. डॉक्टर भला माणूस आहे. कुमचा समोवार त्यालाच लखलाभ, त्याने उंटासकट नेला आहे. तुम्ही शुक्रवारी घरीच राहा. मी आणि बेहजत जेवायला येतो आहोत. तुमचा समोवार फार देखणा आहे असं ऐकतो. मी तो अजून पाहिलेला नाही, पण पाहीन तेव्हा तोंडातून शब्द निघेलच, माणसाचा काय भरवसा. गोलनारखानम मायक्रोफोन घेऊन बरोबर येणार आहे; इस्फहानच्या दिलदारपणावर तिला एक कार्यक्रम करायचा आहे. यदुल्लाही येतो म्हणाला. मी त्याला पुढच्या सीटवर जागा धरली आहे.