बाबांना न घेता मारलेली चक्कर

नेर, रविवार, ११ फेब्रुवारी १९६२

आज अंगणातच मोटारीच्या मागच्या चाकांना नवे ब्रेक-शू बसवले. ड्रम चढवल्यावर पेडल दाबायला बाबा बसले. आयुष्यभर लॉरी चालवलेला माणूस, लकव्यानंतर पहिल्यांदाच स्टिअरिंगमागे. पाय थरथरत होता, तरी "अजून दाबू का?" विचारत राहिले. मग म्हणाले, "मले घेऊन चाल, एक चक्कर मारू."

"आधी ब्रेक धरते का पाहू द्या," म्हणून एकटाच गेलो. ब्रेक छान लागले. त्या खुशीत बाजारात मित्राकडे चहा घेत बसलो. काहून बसलो?

परतलो तर बाबा कोट घालून फाटकाशी बसलेले.

"चला, बाबा."

"आता अंधार पडला. लागले ना ब्रेक?"

"लागले."

"मंग झालं." एका हाताने ते कोटाची बटणं सोडू लागले. लावायला किती वेळ लागला असेल त्यांना?