दुहेरी घडी

३ जून
लागली नोकरी! शरीररचना विभागात चित्रकार. उत्तरेची मोठी खिडकी, उतरतं टेबल आणि ताई जळेल एवढे रंग. साहेब, म्हणजे डॉक्टर, हसतमुख. इथले जुने मदतनीस, त्यांना सगळे मामा म्हणतात, चहा कपभर देतात आणि गप्पा बादलीभर.

५ जून
कानशिलामागच्या मेंदूचं चित्र काढलं. वरचा पदर अलगद उचलला की आत एक लहानशी घडी आडवी पहुडलेली असते. ऐकलेलं आधी तिथे पोचतं. बहुतेकांना एकच घडी, काहींना दोन. दोनवाल्यांचा कान तिखट, असं डॉक्टरांचं मत. मी फुशारकीने सांगून टाकलं, आमच्या ताईला भिंतीपलीकडचा बेसूरही टोचतो. त्यांनी आम्हा दोघींच्या मेंदूंचे फोटो यंत्रावर काढायचे ठरवले.

१० जून
माझी घडी साधी, एकेरी. ताईला दोन्हीकडे दोन-दोन! चहावर साय धरली तरी डॉक्टरांची नजर फोटोवरून हलेना.

१२ जून
नवा मेंदू आला. दुहेरी घडीचा. शुक्रवारी सभागृहातला पियानो जुळवायला आलेल्या माणसाचा. शिट्टी वाजवत जिना उतरला होता तो! डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कपाळ फुटलेलं होतं, कानशिलं मात्र जपलेली. म्हणाले, उद्या डॉक्टरांना तोंडावर विचारतो, मग पोलीस.

१३ जून, सकाळ
मामांनी विचारलं. डॉक्टरांनी हाडं फोडायची हातोडी उचलली. मामांचं कानशील त्यांना जपायचं नव्हतं. मामा पडले तरी हात थांबेना— पुन्हा— पुन्हा— मी सामानाच्या खोलीत पळाले. त्यांनी बाहेरून कडी घातली. फोन टेबलावर राहिला. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय.

नळ सुरू. हात धुतायत.

दाराशी येऊन मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस पोरी. एकेरी घडीचं मला काही काम नाही."

अकरा
शेजारच्या खोलीत ताईचा आवाज! मला न सांगता बोलावलंय तिला. घसा फाटेस्तोवर ओरडले. तो तिला सांगतोय, वर मुलं दंगा करतात.

कात्रीने बिजागरीचे स्क्रू काढतेय. तीन निघाले. बोटं रक्ताने निसटतायत—

दार जरा निखळलं. फटीतून मामा दिसतात. हातोडी तिथे नाही.

तो ताईला म्हणतोय, डोळे मिट, मान मागे टाक आणि नीट ऐक—

शेवटचा स्क्रू— ताई, उठ, उ