एका घड्याळाला दोन कारागीर

३ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरंय, बरंय’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय. शेजारच्या काकू सांगत होत्या, तुमच्या नाकातून पुन्हा रक्त आलं आणि दंडावर काळेनिळे डाग पडलेत. पुन्हा म्हणजे? पहिल्यांदा कधी आलं होतं? दिवसभर लॅबमध्ये मी जगाचं रक्त तपासते आणि माझ्याच बापाची खबर मला काकूंकडून कळते!

हृदयाची झडप बदलल्यापासून तुम्ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेता. तिच्या जोडीला भलतंसलतं पोटात गेलं, तर रक्त थांबता थांबत नाही. गुडघ्यांसाठी वैद्यबुवांचं चूर्ण चालू आहे ना? ते डॉक्टरांना सांगितलंत? आणि गोळीचं वैद्यबुवांना? खरं लिहा.

लोभ असावा, लपवाछपवी नसावी.

चिमी

७ जुलै

चि. चिमीस,
अ. उ. आ.

काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही.

नाही सांगितलं. आणखी काही घेता का, असं दोघांनीही विचारलं होतं, मी दोघांनाही नाही म्हणालो. अगं, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. दुसऱ्या कारागिराचा हात लागलेलं घड्याळ आमच्यात कुणी घेत नाही. झाकण उघडलं की कळतं, आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावतात. डॉक्टरांनी हात काढून घेतला तर हृदयाचं काय? वैद्यबुवांनी घेतला तर जिना कसा उतरू? चूर्णाने गुडघे खरंच हलके झालेत. उगाच आकांडतांडव करू नकोस.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

बाबा

११ जुलै

ती. बाबांस,
नमस्कार.

धन्य आहे तुमची! कपाळावर हात मारून घ्यायचा तरी किती? अहो, तुम्ही घड्याळ नाही, माणूस आहात!

तुमचं पत्र वाचताक्षणी काकूंना फोन केलाय. त्या तुम्हाला आजच डॉक्टरांकडे नेतील, चूर्णाच्या पुडीसकट. हे पत्र नुसतं ओरडण्यासाठी आहे, कारण फोनवर ओरडायला गेले की मला रडू येतं.

चिमी

१५ जुलै

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आधीच काकूंनी मला गाडीत कोंबलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मला ठेवून घेतलं, आणि माझ्यासमोरच वैद्यबुवांना फोन लावला. म्हटलं, आता जुंपणार. कसलं काय! दोघं मिळून माझ्यावरच तुटून पडले. गोळीचं आधी कळलं असतं तर चूर्णाला हातसुद्धा लावू दिला नसता, असं वैद्यबुवा म्हणाले. आता चूर्ण बंद. गुडघ्यांना शेक आणि वैद्यबुवांनी सांगितलेला व्यायाम, त्याला डॉक्टरांची हरकत नाही. काल घरी सोडलं.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, घरी लक्ष ठेवायला कोण आहे. मी म्हटलं, मुलगी आहे, पत्रातून ओरडते. ते काही हसले नाहीत.

तुझी नोकरी, तुझा संसार, म्हणून मी तुला कधी ये म्हटलं नाही. पण झोपेतून दचकून उठतो गं, आणि नाकाला हात लावून बघतो, ओलं लागतंय का. भीती वाटते. चार दिवस ये. इथे समोर बसून ओरड.

बाबा