पिवळी फळी

सोमवार, ६ जानेवारी

आज पुन्हा शाळेत बसलो. वर्गात नव्हे, व्हरांड्याच्या टोकाला, मुताऱ्यांकडे वळणाऱ्या वाटेवर. एक टेबल, एक खुर्ची, आणि खिळ्याला टांगलेल्या दोन फळ्या. निळी मुलांची, पिवळी मुलींची. तास चालू असताना ज्याला जायचं त्यानं फळी न्यायची, आल्यावर परत टांगायची. एका वेळी एकच.

हेडमास्तर मल्लनगौडा माझाच विद्यार्थी. म्हणाला, "सर, पोरं तास बुडवून तिथं मोबाइल बघत बसतात. मुली तर जोडीनं जातात, गप्पा मारायला. तुम्ही नुसते बसा. बाकी आपोआप होईल."

सारा जन्म कविता शिकवली, आता ही राखण. असो. घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं. दुरून सातवीच्या वर्गातून कविता ऐकू येते. चाल चुकीची लावतात.

मंगळवार, ७ जानेवारी

एक गंमत सुचली. जो फळी मागेल त्यानं आधी कवितेच्या चार ओळी म्हणायच्या. पहिल्या मुलानं झाडावरची कविता घडाघडा म्हटली, कान तृप्त झाले. दहावीतल्या बसण्णाला मात्र काहीच येईना. दोन पायांवर नाचत म्हणाला,

"फळी द्या सर, फळी द्या लवकर,
नाहीतर इथंच होईल सरोवर."

दिली. वृत्त ढिलं होतं, पण भाव खरा.

शुक्रवार, १० जानेवारी

दानेश्वरी नावाची नववीतली मुलगी. तिची आई यल्लव्वा बसस्टँडवर गिरमिट, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, आणि मिरची भजीचा गाडा लावते. महिनाअखेरीस गदगला कविता म्हणण्याची स्पर्धा आहे. मल्लनगौडानं तिला माझ्याकडे सोपवलं. शाळा सुटल्यावर टेबलापाशीच उभी राहून तिनं पहिलं कडवं म्हटलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. असा गळा फार वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या वेळी नदीकाठी आम्ही कविता म्हणत चालायचो, ओळीमागून ओळ, पलीकडचा नावाडी थांबून ऐकायचा...

तिसऱ्या कडव्याला आवाज चिरकला. घसा कोरडा.

"पाणी पी गं."

तिनं बाटली ओठांना लावली न लावली, बंद केली. बाटली सकाळी भरली तशीच गच्च. म्हटलं, मुलगी काटकसरी दिसते.

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी संपली. टेबलावर कुणीतरी हलव्याची पुडी ठेवून गेलं.

या वयात मला सारखं उठावं लागतं. खुर्ची सोडली की पोरं निळी फळी पळवतात. म्हणून दुपारचा चहा सोडला, पाणीही बेतानंच. संध्याकाळी डोकं जड होतं.

मल्लनगौडा खूश. "सर, मुलींची फळी तर खिळ्यावरून हलतच नाही. याला म्हणतात शिस्त!" बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

शनिवार, १८ जानेवारी

हलत नाही म्हणजे अजिबातच हलत नाही. फळीवर धूळ बसली आहे. बोट फिरवलं तर रेघ उमटली.

वाटलं, कवितेचाच जाच होत असेल. मागे मुलं हसतात, मुली लाजतात. आठवीच्या एका मुलीला विचारलं. तिनं मान खाली घातली आणि निघून गेली.

कवितेची अट काढून टाकली. जिवावर आलं. पण काढली.

मंगळवार, २१ जानेवारी

तरीही कुणी नाही. दानेश्वरीही आली नाही. तालमीला दिवस थोडे राहिले आहेत.

बुधवार, २२ जानेवारी

दानेश्वरी दवाखान्यात आहे. तापानं फणफणलेली, पोटात कळा. लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला, म्हणाले. सलाइन लावलंय.

संध्याकाळी गेलो. खाटेशी यल्लव्वा बसली होती. गाडा तसाच टाकून आलेली, पदराला तेलाचा वास. मी म्हटलं, पोर एवढी आजारी, कळवायचं तरी. ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, फळी घेऊन तुम्हीच बसता ना तिथं?"

"हो."

"मग तुम्हाला ठाऊक नाही? मुलींकडे दोन दारं. एकाला कुलूप, आत मोडके बाक कोंबलेत. दुसऱ्याला आतून कडीच नाही, दिवाळीपासून. एक आत गेली की दुसरी बाहेरून दार ओढून धरते. तुम्ही सोडता एकीला. दार कुणी धरायचं? मी भजी कढईत टाकून येऊ?"

मी काहीतरी पुटपुटलो. मधल्या सुट्टीत तरी...

"सुट्टीत सगळ्या शाळेच्या पोरींना ते एक दार. रांग संपायच्या आत घंटा होते. म्हणून पोरी पाणीच पीत नाहीत. ही तर सकाळी चहाला शिवत नाही. डॉक्टर मला ओरडले, पाणी का देत नाही म्हणून. मी देते हो. ती पीत नाही." मग हळू आवाजात, "हिचा मामा म्हणतो, पुरे झाली शाळा, गाड्यावर बसव. त्याला काय सांगू, तुम्हीच सांगा."



निघताना दानेश्वरीनं डोळे उघडले. "सर, तिसरं कडवं विसरायला होतंय."

गुरुवार, २३ जानेवारी

सकाळीच मल्लनगौडाच्या खोलीत गेलो. "कडी नाही, हे ठाऊक होतं तुला?"

"कुणी तक्रार केली नाही, सर."

"कोण करेल? तुझ्यासमोर उभी राहून कुठली पोर हे बोलेल?"

तो म्हणाला, "पण सर, जोडीनं सोडलं तर पुन्हा गप्पा..."

"मारू देत."

दुपारी लोहार आला. दोन्ही दारांना आतून कड्या बसल्या, मोडके बाक बाहेर आले. मी टेबलापाशी बसून ठोकाठोक ऐकत होतो. फार थकवा आला आहे.

शनिवार, २५ जानेवारी

दोघी आल्या. एकीनं फळी घेतली, दुसरी तिच्यामागोमाग गेली. कडी आहे, तरी दोघी. सवय जायला वेळ लागेल. मी मान वर केली नाही.

सोमवार, २७ जानेवारी

दानेश्वरी आली नाही. बसस्टँडवरून गेलो. यल्लव्वाला कड्या बसल्याचं सांगितलं. तिनं भजी कागदात बांधून दिली. "बघते," एवढंच म्हणाली.

गुरुवार, ३० जानेवारी

नाही आली.

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी टेबलापाशी पोचलो तर दानेश्वरी नळाला ओंजळ लावून पाणी पीत होती. बारीक झाली आहे. पीत राहिली, थांबली, पुन्हा प्यायली. मग वळून पिवळी फळी मागितली आणि एकटीच गेली.

स्पर्धा काल होऊन गेली म्हणे. माझ्या लक्षातही राहिलं नाही.